सशांसाठी माती

पूर्णा गावातल्या आमच्या घरी लेकीच्या हट्टापायी दोन ससे आणले. अंगणात माल ठेवायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्यांचा पिंजरा ठोकला, त्याला लागून फिरायला जाळीची जागा केली, दाराला दोन कड्या लावल्या. खाली सिमेंटचा कोबा होताच, त्यामुळे मुंगूसही उकरून आत येणार नव्हतं. मी स्वतःवरच खूश होतो. ससे मात्र सोडल्याबरोबर कोबा उकरायला लागले. थांबेनातच.

आई वैतागली. "नखं मोडतील त्यांची. खाचरातली माती आन जरा."

ते भाताचं खाचर विकूनच आम्ही हे घर बांधलं. तिथे आता गोदाम आहे. आईला सगळं ठाऊक आहे, पण तिच्या तोंडी ते अजून खाचरच. मी गोणी घेऊन निघालो. गोदामाच्या भिंतीबाहेर थोडी माती उघडी होती. दोन फावडी भरली, तोच वॉचमन धावत आला.

"ओ भाई, किसको पूछ के ले रहे हो? आपकी जमीन है क्या?"

शिवी ओठांवर आली होती, ती गिळली. "नहीं," म्हणालो, आणि गोणी तिथेच पालथी केली.

घरी ससे कोबा उकरतच होते. आईने रिकाम्या गोणीकडे पाहिलं.

"खाचरात पाणी भरलंय," मी म्हणालो.