भिंतीवरचा पगार

"कर नाही त्याले डर कशाची" हे मी जन्मभर लोकांना ऐकवत आली. शेवटी एकदा करूनच दाखवलं. इथं हिंदी मुलखात, शहराच्या कडेच्या बीरगांवात आमच्या संस्थेचं पाळणाघर आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर वर्षाचा सगळा जमाखर्च रंगवून घेतला. रस्त्यानं जाणाऱ्या कोणालेही वाचता येईल, असा. अन् सगळ्यात वरची ओळ संस्थेच्या प्रमुखाच्या पगाराची, म्हणजे माझी.

झालं असं, की शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेच्या अध्यक्षाचा बंगला देणगीच्या पैशातला निघाला. पेपरात आलं. मग काय, आम्ही सगळेच चोर. नाक्यावरचा चहावालाही हसत म्हणाला, "दीदी, आपका बंगला किधर बन रहा है?" माझं डोकंच फिरलं. बंगला म्हणे! चौबे कॉलोनीत बाबांनी रेल्वेतून रिटायर झाल्यावर घेतलेल्या दोन खोल्या, अन् आई गेल्यापासून त्यात मी एकटी.

आमच्या विश्वस्तांमधले एक काकाजी म्हणाले, "बाई, खर्च लिहा, देणग्या लिहा. पगार काहून लिहून राहिल्या?"

"लिहीन, काकाजी. चोरी थोडीच करून राहिली मी!"

पेंटर आला. मी उन्हात उभी राहून एकेक आकडा तपासून घेतला. पाळणाघरातल्या बायांनाही बाहेर बोलावून ठणकावून सांगितलं, "देख लो. जो दीवार में लिखा है, वोही सच है. कोई कुछ भी बोले, मानना नहीं." त्यांनी माना हलवल्या.

आता त्या पाळणाघरात मले पगाराशिवाय काय मिळत होतं, ते सांगते. कारखान्यात जाणाऱ्या बायांची लेकरं सकाळी आमच्याकडे येतात. दुपारी ती झोपली, की त्यांना सांभाळणाऱ्या बाया अन् मी खाली चटईवर गोल बसून डबे उघडायचो. डब्याच्या झाकणात एकमेकींना भाज्या वाढायचो. दिवसभरातलं तेवढंच एक जेवण मी माणसांत बसून जेवायची. रात्री घरी भिंतींकडे पाहत काय खाल्लं, ते आठवतही नाही.

तिथं स्वयंपाक करणारी बाई माझ्याच वयाची, जिभेनं तिखट. तिची लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ, मले प्राणाहून प्यारी, अन् माझा झुणका म्हणजे तिच्या थट्टेचा हक्काचा विषय. मी डबा उघडला की ती नाकाला पदर लावायची. "दीदी, बेसन को पानी नहीं मिला क्या? नल बंद था?" बाकीच्या खो खो हसायच्या. मी चिडायची, "नको खाऊ मग!" तरी सगळ्यात आधी झाकण तिचंच पुढं यायचं. कधी मीठ जास्त झालं तर, "हाय राम, हमको मारोगी क्या," असं ओरडून माझ्याच डब्यात परत टाकायची. घरात आई होती तेव्हा ती असं बोलायची. त्यानंतर हीच.

भिंत वाळायच्या आत त्यांच्यातल्या आठवी शिकलेल्या बाईनं सगळं वाचून दाखवलं. माझी ओळ वर, तिच्या खाली त्या सगळ्यांच्या मानधनाची मिळून एक. अन् सगळ्यांचं मिळूनही माझ्या एकटीपेक्षा कमी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत गेली, तर चटईजवळ खुर्ची मांडलेली. समोर स्टूल, त्यावर धुतलेली ताटली.

"हे काय?"

"बैठिए ना, मॅडम."

मॅडम! अव माय, इतक्या वर्षांची दीदी एका रात्रीत मॅडम झाली. मी खुर्ची बाजूला सारून खालीच बसली, तर एकीनं घाईघाईनं माझ्यापुरती चटई पुसली, अन् सगळ्या जराशा सरकून बसल्या. त्या पुसण्यानं मले जे लागलं, ते कोणी शिवी दिली असती तर लागलं नसतं.

इकडे कॉलोनीत उलटंच. शेजारच्या वहिनींनी त्या भिंतीचा फोटो कोणाच्या तरी मोबाइलवर पाहिला. संध्याकाळी वाटीभर वरण घेऊन दारात. "इतक्यात भागते का हो तुमचं? आमच्या पोट्ट्याला पुण्यात सुरुवातीलाच याच्या दुप्पट मिळाला." म्हणजे तिथं मी शेठाणी, अन् इथं भिकारीण. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

पाळणाघरातल्या बायांचं मानधन वाढावं म्हणून देणगीदारांशी भांडून पाहिलं. ते म्हणाले, नियमात बसत नाही. शेवटी एकदा स्वयंपाकवालीला एकटीला गाठलं. "नाराज है क्या मेरे से?"

"नहीं तो," ती भांडं घासत म्हणाली. "गलत थोड़ी लिखा है. आप बोलते थे ना, हम सब एक बराबर. हम मान लिए थे. फिर आप ही बोले, जो दीवार में लिखा है वोही सच है."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मले भांडताही आलं नाही.

वर्ष सरलं, भिंत पुन्हा रंगवायची वेळ आली. काकाजी म्हणाले, यंदा पगाराची ओळ गाळून टाका, कोणी विचारत नाही. क्षणभर जीव मोहात पडला, खोटं काहून बोलू? ती चटई, ती लाल भाजी डोळ्यांपुढं आली. पण गाळली असती, तर त्या बायांसमोर मी खरंच चोर ठरली असती. लिहून घेतली. पुन्हा सगळ्यात वर.

त्या दुपारी मी झुणका नेला होता. खुर्चीवर बसली. आता मी तिथंच बसते. डबा उघडून सगळ्यांच्या झाकणात वाढला अन् हळूच स्वयंपाकवालीकडे पाहिलं. तिनं पहिला घास घेतला. दुसरा घेतला.

"बहुत बढ़िया बना है, मॅडम."

बाकीच्या म्हणाल्या, "हव, बढ़िया."

मग मी खाल्ला. तोंडात घास गेला अन् समजलं, सकाळच्या घाईत मीठ दोनदा पडलं होतं. निव्वळ खारा, जिभेवर ठेववेना. मी तिच्याकडे पाहत राहिली. म्हण ना बाई, मले मारून राहिली का म्हणून. टाक माझ्या ताटलीत परत.

तिनं मान खाली घालून झाकणातला झुणका सगळा संपवला, वरून गटागटा पाणी प्यायली, अन् माझी ताटली धुवायला उचलून नेली.