उमापूरच्या पुढे: बावीस मुली आणि दुधाची डिग्री

मेलबर्नहून भावाचा फोन आला की मी आधी घड्याळ बघते, कारण इतकी वर्षं तिकडे राहूनही त्याला दोन्हीकडचे तास जुळवता येत नाहीत. या वेळी बोलली मात्र त्याची मुलगी, मैत्री. वय वर्षं सोळा. तिकडे जानेवारीत उन्हाळ्याची सुट्टी असते आणि त्या सुट्टीत तिला आमच्या मूळ गावच्या मुलींना विज्ञान शिकवायचं होतं. तेही फळ्यावर नाही, हाताने करून बघायचं. त्यासाठी वर्षभर एका बेकरीत शनिवार-रविवार काम करून तिने सामान जमवलं होतं. "आत्या, तू येशील ना माझ्याबरोबर?"

मी बँकेत नोकरी करते आणि रजा मिळाली की कुठेतरी जाऊन इथे ब्लॉगवर लिहिते. बीड जिल्ह्यातलं स्वतःचं गाव 'ट्रिप' म्हणून कधी सुचलंच नव्हतं. तिथे आम्ही जातो ते लग्नाला, नाहीतर मयताला. पण पोरगी सात समुद्र ओलांडून येणार आणि मी पुण्यात बसून रजा मोजत राहणार, हे काही बरं दिसेना. निघालो.

गावाचं नाव लिहीत नाही. उमापूरच्या पुढे आहे एवढं पुरे. का लिहीत नाही ते पुढे कळेल.

पुण्याहून बीडला एसटीने जायचं तर सकाळची पहिली गाडी पकडा. साडेसहा-सात तास धरून चाला आणि नगरच्या पुढे खिडकी मिळाली तर सोडू नका. महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत बायकांचंच राज्य असतं. मैत्रीची बॅग एवढी जड की कंडक्टरने विचारलं, "काय दगडं भरलेत का?" ती प्रामाणिकपणे म्हणाली, "नाही काका, थर्मामीटर आणि शाडू."

आष्टीच्या पुढे रानं उघडी पडलेली दिसायला लागली. तूर गुडघ्याएवढी होऊन वाळलेली, ज्वारी तर उगवलीच नव्हती. बीड स्टँडवर उतरलो तर चारही बाजूंनी कोचिंग क्लासच्या पाट्या आणि रिक्षावाल्यांच्या हाका. तिथून गेवराईची गाडी, गेवराईहून उमापूरपर्यंत वडापची जीप. जीपमध्ये अकरा माणसं आणि आमची बॅग. शेवटच्या टप्प्यासाठी आमच्या शोभावहिनींनी दीर पाठवला होता, मोटरसायकल घेऊन. बॅग आधी गेली, मग मैत्री, मग मी.

शोभावहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको, गावच्या अंगणवाडीत सेविका. जयभीम वगैरे झालं आणि त्यांनी हातात अर्धा तांब्या पाणी दिलं. पाय, हात, तोंड, सगळं त्यातच. जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, दुष्काळात बादलीभर अंघोळीची अपेक्षा धरू नये आणि विचारूही नये. जेवण मात्र अंघोळीची भरपाई करणारं होतं: बाजरीची भाकरी, येसर आमटी आणि ठेचा. मैत्री रडत रडत तीन भाकऱ्या जेवली.

वर्ग आमच्या वस्तीवरच्या समाजमंदिरात होता. बावीस मुली आल्या, सहावी ते नववीच्या. निम्म्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, त्या आजीकडे, चुलतीकडे राहणाऱ्या. यंदा दिवाळीआधीच गाव रिकामं झालं होतं. राहिलेल्यांनीही बरीचशी जनावरं गोदाकाठच्या पाहुण्यांकडे नेऊन घातली होती.

मैत्रीने पाच दिवसांचे पंधरा प्रयोग वहीत लिहून आणले होते. पहिला: काय तरंगतं, काय बुडतं, आणि का. तिने हसत विचारलं, "आपल्याला सहा बादल्या पाणी मिळेल का?"

एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, टँकर परवा येणार हाय."

मैत्रीने वही चाळली. पंधरापैकी अकरा प्रयोगांना पाणी लागत होतं. तिचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. माझीही चूक होतीच. दुष्काळ आहे हे मला माहीत होतं, पण तो तिच्या वहीत शिरेल हे सुचलं नव्हतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "बादली कावून पायजे? गिलासात व्हतंय की."

ही वैशाली. आठवीतली, काटक, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघणारी. सगळा प्रयोग मग एका उभ्या स्टीलच्या पेल्यात झाला. स्ट्रॉच्या टोकाला शाडूची गोळी लावायची आणि पाण्यात उभी सोडायची. साध्या पाण्यात ती एका खुणेपर्यंत बुडते, मीठ विरघळवलं की वर उचलली जाते, कारण पाणी दाट झालेलं असतं. बावीस जणींनी आळीपाळीने करून बघितलं. शेवटी उरलेलं खारं पाणी एकीने तांब्यात ओतून घेतलं. "आमटीत घालते," म्हणाली.

"आगं, ही तर डेरीतली डिग्री!" दुसरी एक ओरडली. दूध डेअरीत दुधात सोडतात ती काचेची नळी, तिला इथे सगळे डिग्रीच म्हणतात. दुधात पाणी असलं की ती खाली जाते. दोघी-तिघी फिसकन हसल्या आणि वैशालीकडे बघायला लागल्या. वैशाली उठली, चपला हातात घेतल्या आणि निघून गेली.

वहिनींनी संध्याकाळी सांगितलं ते असं. वैशालीची आई रुक्मिणबाई. नवरा मुकादमाबरोबर उसाला गेलेला, ही एका म्हशीच्या जोरावर मुलीला घेऊन गावात राहिलेली. गावच्या सहकारी दूध संस्थेत ती पहिल्या दिवसापासूनची सभासद. पण गेल्या महिन्यात तिचं दूध डिग्रीला कमी भरलं म्हणून तीनदा परत केलं, आणि तेव्हापासून ती डेअरीकडे फिरकलीच नव्हती. चौथ्यांदा परत गेलं की सभासदत्व बंद, असा संस्थेचाच ठराव होता. मग म्हैस बाजारात, आई उसाच्या फडात आणि वैशाली तिच्यामागे. शाळा तिथेच संपणार.

"आन् नाव गेलं ते येगळंच," वहिनी म्हणाल्या. "पाणीवाली म्हणायलेत तिला. ती सारखी एकच म्हनती, आगं, प्यायला पाणी न्हाई, दुधात कुठलं घालू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. घर डेअरीपासून तिसरं. रुक्मिणबाई मोजकं बोलल्या, चहा दिला, मैत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. वैशाली दाराआडून ऐकत होती. मैत्रीने तिला सांगितलं, "वर्गाला ये. स्ट्रॉने आपण तुमचं दूध बघू." बघितलंही. स्ट्रॉला काहीच कळेना. तिच्या दुधात आणि वहिनींच्या दुधात सारखीच बुडाली. मैत्रीने मान्य केलं की फरक एवढा बारीक आहे की तो दाखवायला स्ट्रॉ फार जाडी आहे.

मला वाटलं, संपलं. पण वैशालीच्या डोक्यात 'जाडी' हा शब्द राहिला असणार. तिसऱ्या दिवशी ती आली ती काहीतरी मुठीत धरून. गुरांच्या इंजेक्शनची रिकामी बाटली, आत वाळू, वरच्या रबरी बुचातून आरपार खोचलेली बॉलपेनची रिकामी रिफिल आणि रिफिलच्या तोंडाला मेण. खाली पोट मोठं, वर मान बारीक. दुधात जरा फरक पडला की ही मान चांगली नखभर वर-खाली व्हायची. मैत्री त्या बाटलीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "हे मी का नाही केलं?"

"ताई, पर एक गंमत झालीय," वैशाली म्हणाली. "आज सकाळी धार काढल्या काढल्या घातली तर लई खाली गेली. मायनं दूध निवल्यावर चुलीवर ठेवायला काढलं, तवा परत घातली, तर वर. मंदी कुनी पाणी काढून घेतलं काय?"

मैत्रीने तिच्या हातात थर्मामीटर ठेवला आणि सांगितलं, "प्रत्येक वेळी हे पण लिही." बस, एवढंच. बाकीचं पोरीने केलं. त्याच संध्याकाळी धारोष्ण दूध सदतीस अंश, बाटली खाली. तासाभराने गारठ्यात ठेवलेलं वीस अंश, बाटली वर. दूध तेच. गरम दूध पातळ, गार दूध दाट. तेव्हा माझ्याही डोक्यात प्रकाश पडला आणि वहिनींनी त्यात भर घातली, "खरंच की! दरसाल डेरीवर मोठी रांग असायची. रांगेत उभं ऱ्हाऊन दूध निवायचं. यंदा रांगच न्हाई."

गाव उसाला गेलं, जनावरं पाहुण्यांकडे गेली, रांग गेली. बाकीचे सभासद लांबच्या वस्त्यांवरून सायकलवर येतात, जानेवारीच्या थंडीत त्यांचं दूध वाटेतच गार होतं. आणि रुक्मिणबाई तिसऱ्या घरातून यायच्या, धार काढली की तडक.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही डेअरीवर होतो. सचिव भागवतनाना, साठीचे, मफलर घट्ट बांधलेले, माणूस सरळ. रुक्मिणबाईंचं दूध त्यांनी मापात घेतलं, डिग्री सोडली आणि वाकून बघितलं. पंचवीस. सव्वीसच्या आत परत, हा नियम.

"रुक्मिणबाई, माझा नाइलाज हाय," नाना म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. रुक्मिणबाईंनी कॅनचं झाकण उचललं.

मैत्री पुढे सरसावली होती, मीच तिचा दंड धरला. बोलली वैशाली. नजर नानांच्या हातांवर. "नाना, परत करू नका. तुमच्याच म्होरं ठेवा. तुमीच झाकण लावा. घंटाभरानं परत बघा."

"आन् काय व्हईल?"

"बघा की."

सायकलवाले चार-पाच जण थांबले, काही हसले. एकजण म्हणाला, "ठेवल्यानं पाणी उडून जातंय व्हय गं?" नानांनी मात्र झाकण लावलं आणि कॅन स्वतःच्या पायाशी ओट्यावर ठेवला. तो तास फार लांब गेला. रुक्मिणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, कुणाकडेही न बघता.

दुसऱ्यांदा डिग्री सोडली. अठ्ठावीस. नानांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"आता तुमच्या घरचं दूध घ्या," वैशाली म्हणाली, "आन् जरा कोमट करा. म्हशीच्या अंगाएवढं." नानांचं स्वतःचं दूध त्या सकाळी एकोणतीस भरलं होतं. त्यांच्या बायकोने ते चुलीवर कोमट करून आणलं, वैशालीने थर्मामीटर धरला. डिग्री साडेपंचविसावर थांबली.

आता कुणी हसलं नाही. नाना ओट्यावर बसले. "ट्रेनिंगला सांगितलतं आमाला," ते म्हणाले. "थर्मामीटर पन दिलता. फुटला. रांग असायची, कधी गरजच पडली न्हाई, इसरून गेलो." मग ते उठले आणि सगळ्यांदेखत रुक्मिणबाईंना हात जोडले. तीनही वेळचा शेरा काढून टाकायचं त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं, आणि यापुढे प्रत्येकाचं दूध निवल्यावरच डिग्री लागेल असं सांगितलं. मैत्रीने आपल्या दहा थर्मामीटरांतला एक डेअरीला दिला. गावाचं नाव का लिहिलं नाही ते आता कळलं असेल. एका भल्या माणसाच्या विसरण्यावरून अख्ख्या संस्थेला कुणी नावं ठेवू नयेत.

मैत्री आनंदाने रडायच्या बेतात होती. तिने रुक्मिणबाईंचे हात धरले, "काकू, तुमचं खरं ठरलं!"

रुक्मिणबाई तिच्याकडे मायेनेच बघून म्हणाल्या, "माझं खरंच व्हतं, बाई. आज नळीचं खरं झालं."

पाचव्या दिवशी वर्ग वैशालीनेच घेतला म्हटलं तरी चालेल. बावीस बाटल्या तयार झाल्या. रिफिलींसाठी पोरींनी शाळेतल्या मास्तरांचीही पेनं सोडली नाहीत. येताना वेळ होता म्हणून बीडहून लिंबागणेशचं जुनं देऊळ बघून आलो. रुक्मिणबाईंचं वाक्य मैत्रीला लागलं होतं आणि ते लागायलाच हवं होतं.

ती मेलबर्नला परत गेली. मी बँकेत रुजू झाले. पण एक गोष्ट मनात सलत होती. वहिनींनी पहिल्या संध्याकाळी सगळं सांगितलं, तेव्हा मला वाटलं होतं की घातलं असेल पाणी, गरिबी माणसाला काय काय करायला लावते. मी त्याच गावची मुलगी, आणि आकड्यावर माझा लगेच विश्वास बसला होता. शेवटी एका रविवारी वहिनींच्या फोनवरून रुक्मिणबाईंना बोलावलं आणि सरळ सांगून टाकलं, "बाई, मलाही तेव्हा तुमचा संशय आला होता. माफ करा."

पलीकडे त्या हसल्या.

"ठाव हाय की. तुमी घरी आल्तात तवा मी च्या दिला. तुमी पिण्याआधी कपात वाकून बघितलं. डिग्री बघत्यात ना, तसं."