आबांच्या बोंडलंभर पुड्या

ये गं, कागदावर का होईना, पण अशी जवळ सरक. सासू झालीस, शहाणी झालीस, आणि तुला साखर निघाल्याचं मामीला दुसऱ्याच्या तोंडून कळावं? वर फोनवर म्हणतेस, "मामी, मी दोनच खारी खाते." दोन कधी असतात का गं? डबा पुढ्यात घेऊन बसलं की हात काही मोजत नाही. तुझ्या आजोबांना मी कसं मापात खायला घातलं, ते ऐक.

दुष्काळाच्या आधीचं साल. आम्ही भिंगारला, बाजारामागच्या गल्लीत राहायचो. माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची. जन्मभर पलटणीचे कपडे शिवले, आणि आता घरी रिकामं बसवत नव्हतं. गल्लीतल्या चार-पाच घरी टेकून आल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. त्यात चपलेचा खिळा अंगठ्याला लागला आणि जखम काही केल्या भरेना. नगरच्या डॉक्टरांनी लघवी तपासली. तेव्हा काचेच्या नळीत औषध घालून तापवायचे. निळं राहिलं तर बरं, विटकरी झालं तर साखर. आबांचं झालं चांगलं भाजलेल्या विटेसारखं.

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घ्या. गूळ-साखर बंद. उपाशी राहायचं नाही, थोडं थोडं मापात खायचं. आणि जखम भरेपर्यंत प्रवास नाही."

शेवटचं ऐकून आबांचं तोंड उतरलं. तुझ्या वेळी तुझ्या आईचं दुसरं बाळंतपण, म्हणून ती श्रीरामपूरला सासरीच होती. दोन महिन्यांत बारसं येणार. सासूबाई आधीच गेलेल्या, तुझे मामा नोकरीपायी लांब. येताना टांग्यात आबा एवढंच बोलले, "माजी लेक दारात वाट बघंल गं. तिच्या मागं माहेरचं म्हणून कोन उभं ऱ्हाईल?"

मी मनात म्हटलं, यांना बारशाला न्यायचंच.

भाजलेले हरभरे, ज्वारीच्या लाह्या, थोडे शेंगदाणे, कढीपत्ता, लसणाची चटणी, असं कालवून ठेवलं. माप कशाचं घ्यावं? वाटी मोठी, चमचा लहान. मग फळीवरचं बाळाला दूध पाजायचं पितळी बोंडलं काढलं. एक बोंडलं, एक पुडी. रोज चार पुड्या दोऱ्याने बांधून आबांच्या खिशात.

"मला बोंडल्यानं भरवतीस व्हय गं? आता अंगडं-टोपडंबी घाल!"

"घालीन, पण पुडी संपवून या."

संध्याकाळी खिसा रिकामा. मी खूश. पंधरा दिवसांनी नळी बघितली तर पुन्हा वीट! डॉक्टर माझ्याकडे बघतायत, मी आबांकडे, आणि आबा छताकडे.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुझा सासरा देवमाणूस हाय बघ. रोज माझ्या नातीला पुडी देतो. लई चवीची असती."

माझी कळशी भरून वाहायला लागली. "आणि काकू, तुम्ही त्यांना काय देता?"

"अगं, पोरीच्या हातावर खाऊ ठेवणाऱ्याला कोरडं कसं धाडू? गुळाचा चहा, दोन शंकरपाळी. कधी लाडू."

चार पुड्या, चार घरं, चार चहा! घरी येऊन मी विचारलं, तर आबा उलट माझ्यावरच. "लेकरापुढं एकट्यानं खावं का? अन् पुढं केलेली बशी माघारी लोटावी का? तुझ्या माहेरी लोटत असतील."

खरंच होतं त्यांचं. पोराबाळांसमोर पुडी उघडून एकट्याने खाणारा माणूस आमच्यात नव्हताच. मी मापाच्या पुड्या बांधल्या, पण माणूस कोण आहे ते बघितलंच नव्हतं.

मग दुपारी डोक्यावर पदर घेऊन चारही घरं गाठली. म्हटलं, "बायांनो, आबांना रिकाम्या हाताने पाठवू नका. पण चहा बिनगुळाचा द्या, आणि माझ्यासारखंच कालवून एक बोंडलं हातावर घाला." बोंडलं कुठल्या घरी नव्हतं? लेकरांना वाटायला मीच आबांच्या खिशात निराळ्या पुड्या द्यायला लागले, म्हणजे त्यांनाही कुठे रिकाम्या हाताने जावं लागलं नाही.

चार दिवसांत आबा वैतागले. "ह्या घरी गेलो, हरभरं. त्या घरी गेलो, हरभरं. सगळ्या गल्लीला काय घोडा पाळल्यासारखं वाटाय लागलं का काय?" पण खात होते, आणि परत जातही होते. मास्तरीणबाई ओवा घालायच्या, काकू मिरची जास्त टाकायच्या. कुणाचं सरस यावर नळावर भांडणं लागली गं!

नळी आधी हिरवी झाली, मग निळी. जखमेवर खपली धरली. तू जन्मलीस ते पत्र आलं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पट्टी काढली आणि म्हणाले, "जा."

एस्टीत आबा खिडकीशी, नवं धोतर नेसून. तुमच्या दारात उतरले तेव्हा तुझी आई ओली बाळंतीण, पण उठून उंबऱ्यापर्यंत आली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पंगतीत तुझ्या आईच्या सासरचे सगळे एक होऊन जिलबीचा आग्रह करायला लागले, तेव्हा आबांनी ताटावर आडवा हात धरला. "आमच्या सूनबाईला इचारा." सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. मी लाजून लाल. म्हटलं, "अर्धी वाढा." आबा असे हसले की पाळण्यात तू दचकून रडायला लागलीस.

तर बाई, एकटीने डब्याशी भांडू नकोस, कुणाचंच जमत नाही ते. माझ्याकडे ये. आपण दोघी बसून महिनाभराच्या पुड्या बांधू, आणि तुझ्या सुनेलाही दाखवू. येत्या रविवारीच ये, आणि मुक्कामाला ये.