दगडाखालचं बीळ

हात लावल्याशिवाय चित्र काढायचं नाही, हा रोमाचा नियम होता. लहान मुलांसाठी तिनं जी पुस्तकं केली, त्यांतली प्रत्येक वस्तू आधी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन गेलेली असे. शिंपला, किटली, जाळ्याची गाठ, पेंग्विनचं पीस. एकदा मेलेला वॉम्बॅटसुद्धा, म्हणजे बिळात राहणारा डुकराएवढा प्राणी, आला होता. त्या दिवशी घरच्यांनी बाहेर पायरीवर बसून चहा घेतला.

बास सामुद्रधुनीतल्या एका बेटावर तिला सगळे आंटी रोमा म्हणत. सकाळी ती दुकानात गल्ल्यावर बसे, दुपारी चित्रं काढी. या वेळचं पुस्तक बिळांचं होतं. प्रत्येक पानावर एक बीळ, बिळावर जाड कागदाची झडप. झडप उचलली की आत राहणारा दिसायचा: खेकडा, पेंग्विन, वॉम्बॅट आणि अर्थातच मटनबर्ड.

मटनबर्ड हा पक्षी वर्षातला बराच काळ समुद्रावर काढतो आणि अंडं घालायला जमिनीत बीळ करतो. मार्च सरता सरता त्याची गुबगुबीत पिल्लं मांसासाठी आणि पिसांसाठी धरायला रोमाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या समोरच्या छोट्या बेटावर जात आली आहेत. गवतात पालथं पडायचं आणि खांद्यापर्यंत हात बिळात घालायचा. तिच्या बापानं शिकवलं होतं, "ऊब लागली तर पिल्लू. गार लागलं तर हात काढ, साप असेल."

पुस्तकातलं शेवटचं बीळ रिकामं होतं. झडपेखाली नुसता काळा रंग आणि एक ओळ: "इथे कोणी नाही." ते बीळ खरंच समोरच्या त्या छोट्या बेटावर होतं, एका कलत्या दगडाखाली. बाप दरवर्षी त्याला वळसा घालून पुढे जायचा आणि विचारलं की शिट्टी वाजवायचा. रोमानं ते बाहेरूनच काढलं. रिकाम्या बिळाला काय हात लावायचा, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

नमुना प्रत तिनं बालवर्गात नेली. पोरांनी झडपा ओढल्या, आपटल्या, खेकड्याची तर फाडलीच. शेवटच्या पानाशी मात्र एकेकानं झडप उचलली, आत पाहिलं आणि दोन बोटांनी हळूच खाली ठेवली, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तशी.

"काय दिसलं गं?" रोमानं नातीला, मार्लीला विचारलं.

"नॅन, चित्र तू काढलंस आणि विचारतेस मला?"

"मी तिथं काही काढलेलं नाही. काळा रंग आहे नुसता."

"हं. त्या काळ्यातच आहे तो," मार्ली म्हणाली. "या वर्षी मी येणार ना छोट्या बेटावर? पहिला हात मी त्याच बिळात घालणार. शेडच्या मागे, उतार संपतो तिथं."

चित्रात शेड नव्हती; पिल्लं सोलायची ती शेड बेटावर होती, अगदी तिथंच. आणि मार्लीनं ते छोटं बेट कधी पाहिलेलं नव्हतं.

घरी येऊन रोमानं लॉन्सेस्टनला भावाला फोन लावला. लाइल ऐन तारुण्यात एका हंगामातून अर्ध्यावर निघून गेला होता, तो परत त्या छोट्या बेटावर आला नव्हता.

"दगडाखालच्या बिळात तू हात घातला होतास ना?"

"इतक्या दिवसांनी फोन, तो हे विचारायला? आधी गुडघ्याचं विचार."

"गुडघा कसा आहे?"

"वाईट. आणि हो, घातला होता."

"साप होता?"

"साप असता तर आजवर हजारदा ऐकवला नसता का तुला?" त्यानं टीव्हीचा आवाज बंद केलेला तिला कळला. "कुणीतरी हात धरला, रोमा. जोरात नाही. ओळखीचं माणूस धरतं तसा. मग त्यानं सोडला की मी सोडवून घेतला, ते मला अजून सांगता येत नाही."

"मार्ली तिथं हात घालीन म्हणतेय."

"मग तिच्या आधी तू घाल," लाइल म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

हंगाम लागला. होडीतून उतरल्यावर रोमानं मार्लीला शेडमध्ये पोत्यात पिसं भरायला बसवलं आणि भर दुपारच्या उन्हात ती एकटी उतारावर गेली. आजूबाजूच्या बिळांतून पिल्लं कुरकुरत होती. दगडापाशी आवाज नव्हता. ती पालथी पडली आणि तिनं उजवा हात आत सरकवला.

ऊब लागली नाही. गारही लागलं नाही. कोपरापर्यंत वाळू होती, पुढं काहीच नव्हतं. आपली बोटं कुठं संपतात तेच तिला कळेना. आणि मग तिच्या तळव्यात एक तळवा येऊन टेकला, लहान मुलाएवढा. तो ओढत नव्हता. नुसता राहिला.

मार्ली, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी खालून शेडमधून मार्लीचं हसू ऐकू आलं.

रोमाचं तोंड गवतात होतं. "माफ कर," ती म्हणाली. "मी न बघताच कोणी नाही म्हणून लिहिलं."

तळवा तिच्या हातातून निघून गेला.

मग तिनं मार्लीला वर आणलं, दगड दाखवला. "हे आपलं नाही. पुढचं तुझं."

मार्लीनं पुढच्या बिळात हात घातला, ऊब लागताच किंचाळली आणि पिल्लाची ओकारी अंगावर घेऊन खूश झाली. दगडाकडे तिनं एकदाच पाहिलं, शेजाऱ्याकडे पाहतात तसं.

होबार्टची संपादक किर्स्टी हिला बदललेलं शेवटचं पान पटलं नाही. तिनं फोनवर विचारलं, "'ऊब लागली तर पिल्लू, गार लागलं तर साप, काहीच लागलं नाही तर हात हळूच मागे घ्या.' आंटी, काहीच लागलं नाही म्हणजे बीळ रिकामंच ना?"

"रिकामं बीळ गार असतं," रोमा म्हणाली. "घालून बघ कधी."

पान तसंच छापलं गेलं. रोमाच्या उजव्या हाताला अजून कपाची धग कळत नाही, म्हणून चहा ती डाव्या हातानं घेते. बालवर्गातली मुलं शेवटची झडप अजूनही हळूच मिटतात. मार्ली तेवढी ती थोडा वेळ उघडी ठेवते. जरा वारा लागू दे त्याला, म्हणते.