सात डिसेंबरपर्यंतचं टपाल

बर्नडीन युर्कोनिसचा राग कुणाकुणावर आहे, असं विचारण्यात अर्थ नव्हता. कुणावर नाही, ते विचारलेलं बरं. पोस्टमन फाटक उघडं टाकतो म्हणून त्याच्यावर, पाद्री प्रवचन लांबवतात म्हणून त्यांच्यावर. शर्टांच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं कॉलर शिवल्या. कारखाना बंद झाला त्या दिवशी मालकाने निरोपाचा केक वाटला, तर ही बाई आपला तुकडा त्याच्या टेबलावर परत ठेवून आली. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यातल्या त्या लहानशा गावात सगळे तिला वचकून असत. खरं सांगायचं तर गावाला तिचा थोडा अभिमानही होता, कारण आपल्या मनातलं ती परस्पर बोलून टाकायची.

शरद ऋतू लागला की तिच्या रागाला बहर यायचा. पंधरा ऑक्टोबर ते सात डिसेंबर या दिवसांत पासष्टीच्या वरच्यांनी पुढच्या वर्षाचा आरोग्यविमा निवडायचा, आणि म्हातारी माणसं म्हणजे सुगीचं पीक असल्यासारखे कंपन्यांचे लोक त्यांच्यावर तुटून पडायचे. टीव्हीवर एखादा विसरलेला नट दात दाखवत फुकटच्या चष्म्याचं कौतुक सांगायचा. जेवताना फोन वाजायचा. 'बर्नडीन युर्कोनिस आहेत का?' असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "ती वारली. दफनभूमीत फोन करा." टपालात रोज दहा लिफाफे, आणि प्रत्येकावर 'तातडीचे' असा शिक्का. ती ते न उघडता मधोमध फाडायची आणि स्टोव्हशेजारच्या खोक्यात टाकायची. कोळसा पेटवायला तेवढेच उपयोगी, असं ती म्हणे. मला विचाराल तर दहांतल्या नऊ लिफाफ्यांची लायकी तेवढीच होती.

तिने स्वतः विमा निवडला तो शहाणपणाने. सरकारी विमा बिलाचा मोठा भाग भरतो, उरलेल्यासाठी एक जोडविमा घ्यायचा, मग कुठल्याही डॉक्टरकडे जायला मोकळे. नवरा लिओ याच्यासाठीही तिने तेच केलं होतं. लिओने उभी हयात काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. त्याचं हृदय दुबळं होतं, आणि शहरातल्या डॉक्टर पाल्मिएरींनी ते नऊ वर्षं चालू ठेवलं होतं. त्या बाईंविषयी मात्र बर्नडीन वाकडा शब्द काढत नसे.

मग सव्वा वर्षापूर्वीच्या ऑक्टोबरात बर्नडीनचा गुडघा बदलला आणि ती तीन आठवडे घराबाहेर राहिली. तेवढ्यात लिओच्या बहिणीचा मुलगा डेनिस, विम्याचा एजंट, मामाकडे येऊन बसला. एकाच कंपनीत सगळं, दातही बसवून मिळतील, वर वाणसामानाचं कार्ड. लिओला दातांचा मोह पडला. त्याने जोडविमा सोडला आणि सही केली. नव्या विम्यात डॉक्टर फक्त कंपनीच्या यादीतले. त्या वर्षी पाल्मिएरी यादीत होत्या, म्हणून निभावलं.

पण घरात काही निभावलं नाही. बर्नडीन कुबड्या घेऊन परत आली आणि त्या दिवसापासून लिओचं नाव 'सहीबहाद्दर' पडलं. कार्डावर हॅम आणला तर ती म्हणायची, "खा, काळीज विकून आणलंयस." पाहुण्यांसमोर, चर्चच्या पायरीवर, बिंगोच्या टेबलावर तेच. तिने त्याला बजावलं, "यापुढे या घरातल्या एकाही कागदाला तू हात लावायचा नाहीस." लिओ मुळात कमी बोलणारा, तो आणखी गप्प झाला. डेनिसचा फोन आला तर ती नाव ऐकताच ठेवून द्यायची.

जुना जोडविमा परत घेता येईल का, हे तिने शोधलंच नाही. बिंगोला सगळ्या बायका सांगत, एकदा सोडला की संपलं, कंपनी आधी तब्येत विचारते आणि हृदयाचं नाव काढलं की दार लावते. हे खरंच होतं, पण पुरतं खरं नव्हतं.

यंदा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाल्मिएरींच्या दवाखान्यातून फोन आला. एक तारखेपासून डॉक्टर लिओच्या विम्याच्या यादीत नाहीत. एकोणीस फेब्रुवारीला त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती, ती तारीख रद्द. बर्नडीनने फोन करणाऱ्या मुलीला सोलून काढलं. मग विमा कंपनीला फोन लावून तिथल्या माणसाला सोललं. त्याने यादीतला दुसरा डॉक्टर दिला, साठ मैलांवर, पहिली भेट मे महिन्यात. तिने कोट चढवला आणि गाडी काढून डेनिसच्या ऑफिसात गेली.

डेनिस चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला, थंडीतही घामेजणारा माणूस. तिने त्याला बसल्या जागी झोडपलं. आईच्या सख्ख्या भावाला दातांसाठी विकलंस म्हणाली, गिधाडंसुद्धा माणूस मेल्यावर येतात म्हणाली. शेजारच्या खोलीतली टाइप करणारी बाई टाइप करायची थांबली. डेनिसने तिला पुरतं बोलू दिलं.

"आंट बर्नी, दातांच्या नादी अंकल लिओला मीच लावलं. ते माझं चुकलं," तो म्हणाला. "म्हणून तर गेल्या ऑक्टोबरात पत्र लिहिलं. डॉक्टर यादीतून जाणार हे मला कळलं होतं. पहिल्यांदा असा विमा घेतला की वर्षाच्या आत परत फिरायची एक संधी असते. जुना जोडविमा, तब्येतीचा एक प्रश्न न विचारता. सात डिसेंबरपर्यंत नुसती सही हवी होती. फॉर्म भरून पाठवला होता मी."

"मला काही मिळालं नाही."

"दोनदा पाठवलं. लिफाफ्यावर माझ्या हातचं अक्षर होतं. चार वेळा फोन केला, तुम्ही ठेवलात. दारावरही आलो होतो. तुम्ही पडदा ओढून घेतलात."

ते खरं होतं. ते अक्षर तिला आठवलं, आणि ते ओळखून जरा जास्तच जोरात फाडलं होतं तेही आठवलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण इथे ओलं कुठलं हे तिला कळत होतं. आता काय करता येईल, हे तिने विचारलं. डेनिस म्हणाला, आता कंपनी तब्येत विचारेल आणि नाही म्हणेल. त्याच्या आवाजात खुन्नस नव्हती, तेच तिला सहन झालं नाही.

घरी लिओ स्टोव्हपाशी बसला होता. तो जिना चढून आल्यासारखा धापा टाकत होता, आणि चढला तर कुठलाच नव्हता. बर्नडीन दारातच उभी राहिली. आयुष्यात तिने चूक कबूल केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही, त्यामुळे तिला ते नीट जमलंही नाही.

"डेनिसचं पत्र आलं होतं," ती म्हणाली. "सुटका होती त्यात. मी फाडलं."

"माहीत आहे," लिओ म्हणाला. "स्टोव्ह पेटवायला गेलो तर खोक्यात वरच पडलं होतं. दोन तुकडे जोडून वाचलं मी."

"कधी?"

"ऑक्टोबरात."

"आणि बोलला नाहीस?"

"तू वाचून फाडलंस असं वाटलं मला. नसशील वाचलं, असंही वाटलं." तो श्वास घ्यायला थांबला. "कागदाला हात लावला म्हटलं असतं, तर पुन्हा सगळं पहिल्यापासून ऐकावं लागलं असतं. वर्षभर ऐकलं, बर्नी. नव्हती ताकद."

त्याला मूर्ख म्हणायची सवय जिभेवर होती, ती तिने गिळली. कोट न काढताच ती त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली, आणि मेमध्ये साठ मैलांवरच्या दुसऱ्या डॉक्टरची भेट मिळाली आहे, असं तिने सांगितलं.

लिओने मान डोलावली. "तोपर्यंत हे चालेल का, ते विचारलंस?" छातीकडे बोट करून तो म्हणाला.

सकाळपासून तिने तीन माणसांची सालं काढली होती. हे मात्र तिने कुणालाच विचारलं नव्हतं.