गुलाबदादांची धामण

कापसाच्या बाजारात किस्से वेचावे लागत नाहीत. गाड्या मापासाठी खोळंबल्या की आपोआप ढीग लागतो! अमेरिकेतल्या लढाईनं वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा मी अमरावतीला एका शेठच्या आवारात मापारी होतो. आमच्या निम्म्या किश्श्यांचे धनी मोर्शीकडचे गाडीवान गुलाबदादा. कोणी कोणाला खाताना दिसलं की हा माणूस मध्ये पडलाच!

*

आवारात एक धामण होती. उंदीर खाते म्हणून तिला कोणी हात लावत नसे. एकदा तिनं विहिरीपाशी बेडूक धरला. दादांनी चाबकाच्या दांड्यानं तो सोडवला. मग तिच्याकडे पाहून गहिवरले, "उपाशी राह्यली ना बिचारी!"

आमचा पिंजारी रहीमभाई म्हणाला, "दादा, अब उसको भाकर वाढो!"

दादांनी खरंच भाकर टाकली!

*

शेवटी तिच्या तोंडातून रोज कोणाला तरी सोडवायची कटकट नको म्हणून दादांनी धामण टोपलीत घातली आणि बडनेऱ्याच्या वाटेवर सोडून आले. उंदरांची दिवाळी झाली. शेठनं मांजर आणली, तर दादा तिला आपल्या वाटचं दूध पाजू लागले. ती इतकी सुस्तावली की उंदीर तिच्या शेपटीवरून जात! मी टोकलं, तर म्हणाले, "पोट भरलं असलं तं ते काहून मारीन?"

*

मग विलायती साहेब माल बघायला आला. नमुना काढायला ढिगात हात घातला आणि मुठीत आली उंदराची सहा गुलाबी पिल्लं! साहेब किंचाळला. दादा त्याच्यावर ओरडले, "हळू, साहेब! डोये नाई उघडले त्यायचे!"

साहेब माल न घेताच गेला. शेठ गरजले, "आठ दिवसांत धामण परत आण, नाहीतर तुझी गाडी या आवारात दिसता कामा नये!"

ऐन हंगामात काम जायची पाळी. दादांचा चेहरा उतरला. आम्हालाही फार वाईट वाटलं, माणूस लाखाचा होता हो!

*

सातव्या दिवशी दादा टोपली घेऊन हजर. धामण तीच की दुसरी, देव जाणे! झाकण काढताच ती सरसर ढिगाकडे गेली आणि तिनं उंदीर धरला. सगळं आवार दादांकडे बघतंय! त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"झालं का रे?"

"नाई, शेपूट बाकी हाय," मी म्हणालो.

"मंग सांगू नको!"

एवढ्यात वरून घार सुटली, ती थेट धामणीवर! दादा गर्रकन वळले. फेटा सुटला, त्याचंही भान नाही. चाबूक फिरवत घारीच्या अंगावर धावले,

"अवो बाई, जेवून तं घेऊ दे तिले!"