दोन हात जाळं, एक हात दोरी

गडचांदुरात कोणाचं नवं घर उभं राहिलं, की खिडक्यांना दांड्या ठोकायच्या आधी आता गोकुळाबाईला बोलावणं जातं. ती येते, पिशवीतून सुताची गुंडी काढते, खिडकीसमोर जरा वेळ नुसती उभी राहते आणि घरमालकाला पहिला प्रश्न विचारते, "कूलर कोन्या बाजूनं लावता जी?" माणूस बुचकळ्यात पडतो. पडद्याचा आणि कूलरचा काय संबंध? आहे संबंध. पण तो कळायला अर्धा जन्म तलावाच्या काठावर काढावा लागतो.

कारण ही बाई शिंपीण नाही, बरं का. शिलाई मशीनला तिचा पाय कधी लागला नाही. मूल तालुक्यातल्या एका तलावाच्या गावात ढिवर घरी ती जन्मली, ढिवर घरीच दिली गेली आणि पस्तीस वर्षं तिनं जाळी विणली. नवरा बाबुलाल मासे धरायचा, ही जाळी करायची. आसपासच्या पाच गावांतले लोक जाळं सांगायला हिच्या दारात येऊन बसत. मग बाजारात तयार नायलॉनची जाळी आली, बंडलच्या बंडल, आणि दारात येणारे हळूहळू कमी झाले. तीन वर्षांपूर्वी बाबुलालही गेला. तेव्हा सिमेंट कारखान्यात फिटर असलेला तिचा मुलगा प्रफुल गावी आला, म्हणाला, "माय, आता इथी एकटी राहून काय करतं? चाल," आणि तिला गडचांदूरला घेऊन आला.

सून दामिनी शाळेत शिकवते. पोरगी गुणाची, त्यात वाद नाही. पण तिचं एकच पालुपद, "आई, तुमी बसा. मी करतो ना." भांडी घासायला जावं, तर आई तुमी बसा. पीठ मळायला घ्यावं, तर आई तुमी बसा. अवो बाप्पा, बसून बसून माणूस किती बसेल! गोकुळाचे हात शिवशिवायचे. कधी ती उगाच सुतळीला गाठी मारायची आणि सोडायची. ज्या बाईनं पस्तीस वर्षं हाताला उसंत दिली नाही, तिला बसवून खाऊ घालणं म्हणजे माया, असं या पोरांना वाटत होतं. गोकुळाला ती माया बोचायची. हातानं काहीच होत नसेल तर आपण या घरात कोण, हा प्रश्न तिला दिवसभर कुरतडायचा. शेवटी तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. प्रफुलनं नवं घर बांधलं होतं, त्याची घरभरणी तोंडावर आली होती. घरभरणी होईपर्यंत आपल्याजोगतं काही काम इथे सापडलं तर राहायचं, नाहीतर सरळ गावची गाडी धरायची.

आणि मग हे पडदे आले.

घराला खिडक्या चार. बैठकीच्या खोलीत दोन, झोपायच्या खोलीत एक, स्वयंपाकघरात एक. कपडा दामिनीनं हौसेनं घेतला होता, मोहफुलाच्या फिक्या पिवळ्या रंगाचा, मऊ आणि भारी. खिडक्यांचं माप घेतलं प्रफुलनं. आता प्रफुल म्हणजे कारखान्याचा फिटर. त्याच्या कामात केसाइतका फरक पडला तर मशीन बंद पडतं. त्यानं स्टीलची टेप लावून चौकट मोजली, पुन्हा मोजली, कागदावर लिहिली आणि मुश्ताक मास्तरच्या दुकानात नेऊन दिली. मुश्ताक मास्तर तीस वर्षांचे जुने शिंपी. कागद पाहून ते म्हणाले, "प्रफुलभाऊ, ये कपडा कमी पडेल." प्रफुल म्हणाला, "मास्तर, माप एकदम बरोबर आहे, सुताचा फरक निघाला तर सांगा." मास्तरांनी खांदे उडवले आणि जसं माप तसे चार पडदे शिवून दिले. वर लोखंडी कड्या, खाली चार बोटं रुंद पट्टी दुमडलेली. शिवण एकदम सुरेख.

शनिवारी दुपारी पडदे घरी आले. रविवारी घरभरणी. प्रफुलनं चौकटीवर दांड्या ठोकल्या, पडदे अडकवले, आणि तिघंही मागे सरकून पाहू लागले.

काय सांगावं! चौकट चार फूट, पडदाही बरोब्बर चार फूट. पडद्याला एक चुणी म्हणून नाही. पडदा असा ताणलेला की निवडणुकीतला फलक वाटावा, फक्त उमेदवाराचा फोटो तेवढा नव्हता. दांडी चौकटीच्या वर गेल्यामुळे खाली तीन बोटांची फट उघडी राहिलेली. त्यात प्रफुलनं कूलर चालू केला आणि पडदा सरळ उठून त्याच्या तोंडावर आला.

दामिनी मटकन खाली बसली. "उद्या आमच्या हेडमिस्ट्रेस सत्यशीला मॅडम येऊन राह्यल्या," ती रडवेली होऊन म्हणाली. "अख्खी शाळा येऊन राह्यली. आन् हे असं! दुकानात फोन केला मी, त्या कपड्याचं थान संपलं म्हंते."

"माप त बरोबर होतं," प्रफुल पुटपुटला.

"चूप राय!" गोकुळा एकदम बोलली. दोघांनीही दचकून तिच्याकडे पाहिलं, कारण या घरात तिचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता. "माप दरवाजाच्या फळीचं घेतलं तू. कपड्याचं असं माप घेतेत का रे? तुह्या बापानं दोरीले जाळं असं ताणून बांधलं असतं त घरात एक मासोळी आली नसती. मासा येऊन धडकते आन् माघारी जाते. दोन हात जाळं, एक हात दोरी. तवा झोळ पडते. मले सासूनं पह्यल्या दिवशी शिकवलं हे."

"आई, पण हे जाळं नाई ना," दामिनी म्हणाली.

"लटकवायचंच हाय ना? मंग एकच गोष्ट."

तिनं हिशेब फटक्यात मांडला. चार पडदे आहेत, दोन-दोन मिळून एका खिडकीला लावायचे. बैठकीच्या दोन्ही खिडक्या भागतात. दामिनीचे डोळे मोठे झाले. मग बाकीच्या दोन खिडक्यांना काय? लोक हसतील ना! "सैपाकघराच्या खिडकीले पडदा कायले पाह्यजे? कावळ्यापासून लाजायले?" गोकुळा म्हणाली. "झोपायच्या खोलीले दोन दिवस चादर लाव. पाव्हनं तिथी लोळायले येऊन राह्यलं का?" प्रफुलला हसू फुटलं, पण बायकोचं तोंड पाहून त्यानं ते गिळलं.

तरी दामिनीचं मन मानेना. असलेलेही बिघडले तर, ही तिची धास्ती. ती वावगी नव्हती. पण गोकुळाच्या अंगात तोवर काम शिरलं होतं. तिनं सुताची गुंडी काढली आणि जमिनीपासून दांडीपर्यंत सूत धरलं, डाव्या बाजूला एकदा, उजव्या बाजूला एकदा. दोन बोटांचा फरक. मिस्त्रीनं घाईत चौकटच कलती बसवली होती आणि प्रफुलनं दांडी त्या कलत्या चौकटीला धरून ठोकली होती. "आता आन तुह्यं ते पाणी भरलेलं यंत्र," ती पोराला म्हणाली. प्रफुलनं लेव्हल आणली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत दांडी हलवली आणि पुन्हा ठोकली. "दांडी तुह्या मापानं, कपडा माह्या मापानं," असं तिनं सांगून टाकलं आणि ब्लेड घेऊन मास्तरांची खालची पट्टी सरसर उसवायला बसली.

"आई!" दामिनीच्या तोंडून किंकाळीच निघाली.

"तीन बोटं लांबी भेटते इथून. मास्तर शहाना मानूस हाय, कपडा राखून ठेवला त्यानं."

फट तर बुजणार होती. राहिला कूलरचा वारा. गोकुळा उठली आणि आपल्या गाठोड्यातून बाबुलालचं फेकजाळं काढून घेऊन आली. हे जाळं तिनंच विणलेलं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. त्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात. त्या वजनानं जाळं पाण्यात सरळ तळाला जातं. बाबुलाल गेल्यापासून ते पाण्यात पडलं नव्हतं आणि ती कोणाला हातही लावू देत नव्हती.

"माय, ते नको," प्रफुल हळूच म्हणाला.

तिनं काठाची दोरी हातात धरली. हे कापलं की बाबुलालचं जाळं पुन्हा जाळं राहणार नव्हतं. पण गाठोड्यात तरी ते जाळं कुठे होतं? नुसतं पडून होतं, तिच्यासारखंच. बाबुलाल असता तर म्हणाला असता, काप ना वं, पाहून काय राह्यली. तिनं ब्लेड चालवलं. मणी टपटप फरशीवर पडले. तिनं डोळे पुसले, मणी वेचले आणि सुनेपुढे धरले.

दामिनीनं वास घेतला. "आई, मासोळीचा वास येते याले. मॅडमच्या नाकात गेला त?"

"शिशाले कायचा वास? तुह्या मनाले येते तो!" असं म्हणाली खरी, पण निंबू आणि साबण लावून मणी तीनदा धुवून आणले. सून सुई घेऊन शेजारी बसली आणि दोघींनी मिळून उसवलेल्या काठात बारीक पट्टी दुमडून वीत-वीत अंतरावर मणी शिवून टाकले. पहिल्यांदाच दामिनी तिला बसा म्हणाली नाही. नुसतं बसायला आता दामिनीलाही उसंत नव्हती.

रविवारी सकाळी पडदे चढले. दोन-दोन लावल्यावर चुण्या पडल्या, पण कुठे जाड, कुठे पातळ. दामिनीला तेवढंही पुष्कळ वाटलं. गोकुळाला नाही. स्टुलावर चढून तिनं पडद्यामागून कडीला कडी सुतानं बांधत नेली, दोन कड्यांमध्ये चार बोटं सूत, प्रत्येक कडीशी जाळ्याची गाठ. ही गाठ सरकत नाही. शेवटची गाठ मारून ती उतरली आणि तिनं पडदा ओढला.

चुणीमागून चुणी, सगळ्या एकसारख्या, एका रांगेत निघाल्या आणि जिथल्या तिथे थांबल्या. ढकलला, तशाच परत गेल्या. प्रफुलनं कूलर पूर्ण सोडला. पडदा श्वास घेतल्यासारखा जरासा हलला आणि जागेवर उभा राहिला. "अबे!" एवढंच प्रफुल म्हणाला. गोकुळा पोट धरून हसली, कितीतरी महिन्यांनी.

दुपारी घर पाहुण्यांनी भरलं. सत्यशीला मॅडम आल्या. मोठ्या करड्या बाई, शाळेत त्यांच्यासमोर शिपायाचीही मान खाली. त्यांनी पूजेला नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि सरळ खिडकीपाशी गेल्या. पडदा ओढला. परत ढकलला. मागे डोकावून गाठी पाहिल्या. गोकुळा दाराआड उभी राहून पाहत होती.

"नागपूरहून माणूस बोलावला का गं?" मॅडमनी विचारलं. "माझ्याकडे दोनदा दुकानदारानं लावून दिले, दोनदा बिघडले. कोण आहे हा?"

दामिनी क्षणभर थबकली. फेकजाळ्याचे मणी, ढिवराची गाठ, हे सगळं अख्ख्या शाळेसमोर सांगायचं का, हे तिच्या चेहऱ्यावर गोकुळाला स्पष्ट दिसलं. आणि मग पोरगी तरातरा दाराशी आली, सासूचा हात धरला आणि तिला खोलीच्या मधोमध नेऊन उभं केलं.

"ह्या माझ्या सासूबाई, मॅडम. पस्तीस वर्षं जाळी विणली यांनी. पडद्याच्या खाली जे वजन आहे ना, ते माझ्या सासऱ्यांच्या जाळ्याचं आहे. माप यांचं, गाठ यांची. मी फक्त सुईत दोरा घातला."

मॅडमनी गोकुळाच्या बोटांकडे पाहिलं. गाठी आवळून आवळून त्यांवर पडलेले घट्टे पाहिले. मग म्हणाल्या, "बाई, माझ्या घरी खिडक्या नऊ आहेत. केव्हा येता?" पाठोपाठ दुसऱ्या एका बाईंनी आपल्या पाच सांगितल्या आणि तिसरीनं मध्येच, "आधी माझ्याकडे हं!" असा नंबर लावून पाहिला.

सोमवारी सकाळी मुश्ताक मास्तर स्वतः दारात उभे. सत्यशीला मॅडम कपडा घेऊन त्यांच्याकडे गेल्या होत्या आणि माप विचारल्यावर त्यांनी गोकुळाचं नाव सांगितलं होतं. मास्तरांनी पडद्याची खालची कड हातात घेऊन मणी चाचपले, गाठी मोजल्या, मान डोलावली. "बाई, तीस साल झाले मला मशीनवर. लोक कपडा वाचवतात, मी सांगून थकलो," ते म्हणाले. "आजपासून असं करू. दुकानात पडद्याचा जो गिऱ्हाईक येईल, त्याच्याकडे आधी तुमी जायचं. तुमी जेवढा कपडा सांगाल, तेवढा मी कापेन. बोट इकडे नाही, बोट तिकडे नाही. कबूल?"

"कबूल," गोकुळा म्हणाली. "पन खालची पट्टी चार बोटंच ठेवजा, मास्तर."

"ते तर ठेवतोच!" मास्तर हसत पायऱ्या उतरले आणि स्कूटर चालू करून तिची वाट पाहत थांबले, मॅडमच्या घरी दोघांनी मिळूनच जायचं होतं.

गोकुळा दारात चपला घालत होती. आत फोन वाजला. गोकुळाची गावाकडची शेजारीण केसरबाई होती, घरभरणी कशी झाली, गोकुळाला बोलाव, म्हणत होती. दामिनीनं खिडकीतून बाहेर पाहिलं आणि रस्त्यावरच्या मास्तरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आई ना? आई आता भेटनार नाई जी. कामावर चालल्या."